बिस्कोतला इंग्रजी कळत नाही

वहीच्या पहिल्याच पानावर, लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं होतं: 'बिस्कोतला इंग्रजी कळत नाही. कृपया ध्यानात ठेवावे.' मार्नी हाकालाने ते वाचलं, किती गोड, असं मनाशी म्हणाली आणि पान उलटलं. पुढच्या पानावर त्याचं खाणंपिणं, पिंजऱ्याची सफाई, पाण्याची बाटली कशी अडकवायची, असं सगळं होतं. ते मात्र तिने तीनदा वाचलं आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला. काळजी करायच्या गोष्टी ती अशी निवडून काढायची, आणि नेमकी एक मागे राहायची.

बिस्कोत हा आयलीच्या वर्गाचा गिनीपिग. तपकिरी-पांढरा, गुबगुबीत, दुरून पाहिलं तर कोणीतरी विसरून गेलेला पाव वाटावा असा. थंडर बेमधल्या त्या शाळेतली पहिलीची मुलं घरी इंग्रजी बोलायची आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की फक्त फ्रेंच. डबा फ्रेंचमध्ये उघडायचा, नाक फ्रेंचमध्ये पुसायचं, भांडायचं तेही फ्रेंचमध्येच. त्यांच्या बाई, मादाम गॅलिपो, इंग्रजीचं एक अक्षर कळत नसल्यासारख्या वागायच्या. कोणी इंग्रजीत काही मागितलं की खांदे उडवून अशा काही बघायच्या की मूल मुकाट्याने फ्रेंच शब्द शोधायला लागायचं. हे सोंग आहे हे पालकांना ठाऊक होतं, मुलांना नव्हतं. जगात दोनच जीव असे आहेत ज्यांना इंग्रजी येत नाही, एक मादाम आणि दुसरा बिस्कोत, अशी त्यांची पक्की खात्री होती.

सप्टेंबरपासून एकेक करत सगळी मुलं बोलायला लागली होती. एक सोडून. ती एक म्हणजे मार्नीची आयली. तिला समजायचं सगळं. रांगेत उभं राहा म्हटलं की उभी राहायची, निळा रंग घे म्हटलं की निळाच घ्यायची. पण सहा महिन्यांत तिच्या तोंडून फ्रेंच शब्द कोणी ऐकला नव्हता. घरी इंग्रजीत मात्र तिची टकळी चालू असायची. शेवटी शाळेतून पत्र आलं. मार्चच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी, दुपारी साडेतीन वाजता, मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक. विषय, आयलीला इंग्रजी वर्गात घालावं का.

या वर्गाचा हट्ट मार्नीचाच होता. कॉलेजात चांगले गुण मिळवूनही एका सरकारी नोकरीत ती केवळ फ्रेंच येत नाही म्हणून मागे पडली होती, आणि ते तिच्या मनात अजून ठुसठुसत होतं. म्हणून सुट्टीत बिस्कोतला कोण नेणार, असं विचारणारी चिठ्ठी आली तेव्हा सगळ्यात आधी तिने हात वर केला. बैठकीच्या आधी आपण जबाबदार पालक आहोत हे दिसलेलं बरं, असा तिचा हिशेब.

आठ दिवस बिस्कोत राजासारखा राहिला. नवव्या दिवशी, म्हणजे शनिवारी सकाळी, पिंजरा धुवायचा म्हणून मार्नीने त्याला दिवाणखान्यात कपड्यांच्या टोपलीत ठेवलं. टोपली कलंडली. बिस्कोत बाहेर आला आणि रमतगमत खिडकीखालच्या कोपऱ्याकडे निघाला. त्या कोपऱ्यात, जमिनीत, घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीची गरम हवा खोलीत येण्यासाठी एक भोक होतं. त्यावरची जाळी वाकली म्हणून मार्नीच्या नवऱ्याने, ट्रॉयने, ती नोव्हेंबरात सरळ करायला काढली होती आणि तिच्या जागी एक पुठ्ठा ठेवला होता. तात्पुरता.

"ए, थांब. तिकडे नको," मार्नी म्हणाली.

बिस्कोत थांबला. मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिलं, अगदी मादाम बघतात तसं. मग तो पुठ्ठ्यावर चढला. पुठ्ठा मधोमध वाकला, आणि बिस्कोत जमिनीच्या पोटात गेला.

ट्रॉय नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा आणि पहाटेची पाळी करून नुकताच झोपला होता. मार्नीने त्याला ज्या आवाजात उठवलं त्यावरून त्याला वाटलं, घराला आग लागली. खरी गोष्ट कळल्यावर त्याला जरा हायसं वाटलं आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं, ही त्याची चूक झाली. मार्नीने त्याला पुठ्ठ्याचा सगळा इतिहास नोव्हेंबरपासून ऐकवला. तो ऐकत ऐकतच तळघरात गेला आणि त्याने आधी भट्टी बंद केली, नाहीतर मादामकडे बिस्कोत भाजून पाठवायची वेळ आली असती. बाहेर उणे सव्वीस होतं.

"तीन तास," वर येऊन तो म्हणाला. "फार तर साडेतीन. त्याच्यापुढे नळ गोठतील."

मग घरभर शोध सुरू झाला. जमिनीखाली पत्र्याचे चौकोनी बोगदे सगळ्या खोल्यांना जोडलेले, आणि बिस्कोत त्यांतून फेरफटका मारत होता. कधी स्वयंपाकघराखाली खरखर ऐकू यायची, कधी न्हाणीघराखाली. दोघं कान जमिनीला लावून एका खोलीतून दुसरीत रांगत होते. काकडी झाली, कोथिंबीर झाली, गोड आवाजात हाका मारून झाल्या. खरखर थोडी थांबायची आणि आणखी लांब जायची.

आयली बर्फातला जाड कोट घालून कोचावर बसून हे सगळं बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याला इंग्रजी कळत नाही. वहीत लिहिलंय."

दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. त्या दोन चेहऱ्यांवरची आशा बघून आयलीने ओठ घट्ट मिटून घेतले आणि कोटाची कॉलर नाकापर्यंत ओढली. तिला भरीला घालायचं नाही, असं शाळेच्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं. मार्नी स्वतःच्या आठवणीत फ्रेंच शोधायला लागली. शाळेत ती पाच वर्षं फ्रेंच शिकली होती. ट्रॉयही शिकला होता. त्या पाच-पाच वर्षांतून दोघांच्याही हाती एकच आख्खं वाक्य उरलं होतं, आणि ते इंग्रजी घरात वाढलेल्या कोणालाही झोपेतून उठवलं तरी येतं: मी संडासला जाऊ का?

दुसरं काही नव्हतंच. तेव्हा मार्नी भोकाशी पालथी पडली आणि तिने अत्यंत लाडिक आवाजात जमिनीला विचारलं, मी संडासला जाऊ का? खरखर थांबली. "थांबला तो, थांबला," ट्रॉय कुजबुजला, आणि उत्साहाच्या भरात त्यानेही आपल्या ढाल्या आवाजात तीच परवानगी मागितली. दोन मोठी माणसं आळीपाळीने एका गिनीपिगाकडे संडासची रजा मागत होती, पण तिकडून होकार येत नव्हता.

मग ट्रॉयला खाऊच्या खोक्यांची आठवण झाली. देशाच्या सरकारी भाषा दोन, त्यामुळे प्रत्येक खोक्यावर एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच छापलेलं असतंच. त्याने सकाळच्या न्याहारीचं खोकं आणलं, ते फिरवलं आणि भोकात तोंड घालून तो ठणठणीत आवाजात वाचू लागला. साखर, मीठ, लोह, कुठकुठली जीवनसत्त्वं, कोरड्या जागी ठेवावे. थंडीने त्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या. घरातलं तापमान तेरावर आलं होतं.

इतक्यात समोरच्या घरातून ट्रॉयच्या आई आल्या. घरात सगळे त्यांना मुम्मू म्हणायचे, फिनिशमध्ये आजीला म्हणतात तसं. हातात ताज्या गोड पावाची परडी.

"तुमच्या धुराड्यातून वाफ दिसेना," मुम्मू म्हणाल्या. "म्हटलं, मेलात की काय बघून यावं."

त्यांनी पोराकडे पाहिलं. तो जमिनीवर आडवा पडून मिठाचं प्रमाण सांगत होता. सगळी हकिगत ऐकून घेतल्यावर त्यांनी त्याला बाजूला सारलं, गुडघ्यांवर बसल्या आणि भोकात तोंड घालून फिनिशमध्ये दोन कडक वाक्यं बोलल्या. आत शांतता पसरली.

"ऐकलंन त्याने," मुम्मू उठत म्हणाल्या. "पटलं नाही एवढंच." आणि मग सहज पुस्ती जोडली, "त्याच्या बाईंना फोन लाव ना."

 परवा बैठक, आणि आज आपण फोन करून सांगायचं की बाई, आम्ही वर्गाचा गिनीपिग जमिनीखाली घालवला? मुलीला बोलतं करता आलं नाही, आता मुका जीवही सांभाळता आला नाही? ते शक्य नव्हतं. मार्नी मोबाइल घेऊन झोपायच्या खोलीत गेली आणि दार लावून तिने प्राण्यांच्या दुकानात फोन केला. तपकिरी-पांढरा मिळेल का, डाव्या कानावर पांढरा ठिपका हवा. दुकानातल्या मुलीने विचारलं, नर की मादी? मार्नीला ठाऊक नव्हतं. सगळी वही वाचली होती, पण हे कुठेच नव्हतं. सोमवारपर्यंत एखादा बघून ठेवा, असं सांगून तिने फोन बंद केला आणि दार उघडलं, तर दारात आयली उभी.

"दुसरा आणणार?" आयलीने विचारलं.

"नाही गं. फक्त विचारलं," मार्नी म्हणाली.

 आयली जरा जास्तच वेळ आईकडे बघत राहिली.

तोवर ट्रॉयने तळघरात भट्टीशेजारचा एक पत्रा स्क्रू काढून खोलला होता. सगळे बोगदे तिथे येऊन मिळायचे. कधीतरी तो इथून बाहेर पडेलच, तेव्हा इथे कोणीतरी बसायला हवं. आयली म्हणाली, मी बसते. तिला टॉर्च दिला, घोंगडी दिली, सिमला मिरचीचे तुकडे दिले. जाताना तिने आपलं दप्तरही नेलं. मोठी माणसं स्वयंपाकघरात कॉफीच्या कपांवर हात शेकत बसली. तापमान अकरा.

दाराची घंटा वाजली. दारात मादाम गॅलिपो उभ्या. पापण्यांवर बर्फ, डोक्यावर कानटोपी, हातात काकडी.

मार्नीने सासूकडे पाहिलं. मुम्मू पाव कापत होत्या.

"माझ्याबरोबर दर गुरुवारी बर्फावर कर्लिंग खेळते ती," मुम्मू सुरीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तू लावीनास, म्हणून मी लावला."

मार्नी माफी मागायला लागली, पण मादामनी तिला बोलूच दिलं नाही. त्या कोट काढता काढता धबधब्यासारख्या इंग्रजीत सुरू झाल्या. वर्गाबाहेर त्या इंग्रजीच बोलायच्या. त्यांचं इंग्रजी वेगात होतं पण वाटेत खड्डे फार होते. 'ह' हवा तिथे गाळायच्या आणि नको तिथे घालायच्या, क्रियापदं मिळतील त्या काळात टाकून द्यायच्या. त्यांची गाडी सुरू होत नव्हती, मग ती ढकलली, मग ती घसरली, मग त्यांनी गाडीला तिच्या आईवरून काहीतरी ऐकवलं, ते सगळं त्यांनी साभिनय सांगितलं. हा बिस्कोत पूर्वीही दोनदा पळालाय, एकदा तर फोटोकॉपीच्या यंत्रात. घाबरू नकोस, मार्नी.

"पण मादाम, सोमवारची बैठक," मार्नीच्या तोंडून निसटलंच.

मादाम थांबल्या. खुर्ची ओढून बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या की त्यांनाही नकोय हे. पण सहा महिन्यांत एक शब्द ऐकला असता तरी त्या भांडल्या असत्या. एकच. "माझ्या हातात काही नाही गं मुख्याध्यापकांना दाखवायला."

 तेवढ्यात, सिंकखालच्या जाळीतून, एक बारीकसा आवाज वर आला.

आधी मार्नीला वाटलं, रेडिओ. आवाज पातळ होता, पत्र्यातून आल्यामुळे थोडा घुमणारा, आणि तो फ्रेंच बोलत होता. तिला त्यातला एक शब्द कळला नाही. मादामना कळला. त्यांचा कप ओठांशीच थांबला.

"अस्वलाचा मोजा," त्या कुजबुजल्या. "आमच्या वर्गातलं पुस्तक आहे. मोजा पलंगाखाली आहे का? नाही. मोजा खुर्चीखाली आहे का? नाही."

ट्रॉय उठायला लागला. मादामनी त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं. मग मार्नीच्या कानाशी लागून सांगितलं, की वर्गात वाचायला त्या मुलांना प्लंबरकडे मिळतो तो नळाचा वाकडा तुकडा देतात. एक टोक तोंडाशी, दुसरं कानाशी. कितीही हळू वाचलं तरी आपलं आपल्याला मोठ्याने ऐकू येतं, दुसऱ्या कोणाला नाही. आयली रोज तो घेऊन बिस्कोतच्या पिंजऱ्यामागे बसायची आणि वाचन संपलं की त्याला मिरचीचा तुकडा द्यायची. मादामना वाटायचं, नुसते ओठ हलवते. आता आख्खं घरच तो नळाचा तुकडा झालं होतं.

जमिनीखाली खरखर झाली. न्हाणीघराकडून स्वयंपाकघराकडे, आणि तिथून भट्टीच्या दिशेने.

पुस्तक संपलं. मोजा अस्वलाच्या पायातच होता. मार्नीला वाटलं, आता गप्प होईल. पण आवाज थांबला नाही. तो आता अडखळत होता, मधेच थांबून शब्द शोधत होता, पण थांबत नव्हता. मादामचा चेहरा बदलला.

"हे पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "हे तिचं स्वतःचं आहे."

"काय म्हणतेय?" ट्रॉयने विचारलं.

मादामनी ऐकलं, आणि त्या जरा घुटमळल्या. "म्हणतेय, बिस्कोत, बाहेर ये. माझी आई चांगली आहे, पण तिला भीती फार वाटते. तू आला नाहीस तर ती दुकानातून दुसरा बिस्कोत आणेल, आणि त्याला," इथे त्यांना डोळे पुसावे लागले, रडून की हसून ते मार्नीला कळलं नाही, "त्याला बिचाऱ्याला फ्रेंच येणार नाही."

मार्नीला वाटलं, जमिनीला आणखी एक भोक असतं तर बरं झालं असतं. मुम्मूंनी तिच्यापुढे पावाचा तुकडा ठेवला.

"तीन चुका केल्या," मादाम म्हणाल्या. "तीन. काय सुंदर चुका आहेत."

तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. आयली वर आली. हातांत बिस्कोत, त्याच्या अंगभर धूळ, मिशांवर कोळिष्टकं, तोंडात मिरची. स्वयंपाकघरात मादामना बघून ती दचकली नाही. सरळ त्यांच्याजवळ गेली, त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि फ्रेंचमध्ये, सगळ्यांदेखत, काहीतरी म्हणाली. मादामनी फ्रेंचमध्येच उत्तर दिलं आणि तिच्या केसांतलं जाळं काढलं. मुलगी काय म्हणाली, असं मार्नीने नंतर विचारलं. मादाम म्हणाल्या, काही नाही, म्हणाली, घाबरू नका.

ट्रॉयने भट्टी सुरू केली. घर खोकलं, शिंकलं, आणि सगळ्या जाळ्यांतून सिमला मिरचीच्या वासाची गरम हवा आली.

सोमवारी साडेतीन वाजता मार्नी नीटसा कोट घालून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. रात्रभर मुद्दे काढून आणले होते, पाच पानं. ती उघडायची वेळच आली नाही. मुख्याध्यापकांनी हसत हसत तिचा हात हातात घेतला. सकाळी मुलं गोल करून बसली तेव्हा आयली स्वतः उठून उभी राहिली होती, आणि सुट्टीत काय झालं ते तिने सलग अकरा मिनिटं फ्रेंचमध्ये सांगितलं होतं. मादामनी त्यांना वर्गात बोलावून घेतलं होतं. शेवटची पाच मिनिटं ते दारात उभे राहून ऐकत होते.

"इंग्रजी वर्गाचा प्रश्नच मिटला," ते म्हणाले. मग खोकल्यासारखं करून, "तुमचे यजमान कसे आहेत? नाही, म्हणजे, त्या दिवशी गेले ना शेवटी संडासला?"

मार्नीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण ती पाच पानं हातात चुरगाळून शाळेच्या दारातून बाहेर पडली तेव्हा तिला उणे एकोणीसमध्येही कोटाची बटणं लावावीशी वाटली नाहीत. गाडीत बसल्यावर तिने आरशातून मागे बसलेल्या आयलीकडे पाहिलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, की आजच कसं बरं बोलावंसं वाटलं?

आयलीने आधी खिडकीबाहेर बघून कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली.

"कोणाला सांगणार नाहीस?"

"नाही."

"मादामला इंग्रजी येतं. मी तळघरातून ऐकलं. पण फार कच्चं आहे, आई. सगळं चुकतं तिचं. म्हणून ती वर्गात इंग्रजीत गप्प बसते, सप्टेंबरपासून. लाजते बिचारी." आयलीने सुस्कारा टाकला. "म्हटलं, मी आधी चुकीचं चुकीचं बोलून दाखवते. मग तिलाही धीर येईल."

मार्नीने गाडी सुरू केली नाही. अचानक झालेली सर्दी ती रुमालाने पुसत राहिली.

बिस्कोत वर्गात परतला होता, पण वही अजून तिच्या पिशवीत होती. घेणाऱ्या प्रत्येक पालकाने त्यात चार ओळी लिहायच्या, असा नियम. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ती उघडली. ट्रॉय दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसून जाळी ठोकत होता, नवी कोरी, आठ स्क्रूंची. मार्नीने पहिलं पान काढलं, लाल अक्षरांखाली तिसरी रेघ ओढली, आणि तिच्याखाली आपल्या नीटस अक्षरात लिहिलं:

'वर जे लिहिलंय ते खरं आहे. हसून पान उलटू नका, मी उलटलं होतं. त्याच्याशी काय बोलायचं ते तुमच्या मुलाला विचारा. मूल गप्प बसलं तर त्याला एकट्याला त्याच्याजवळ बसू द्या आणि तुम्ही शेजारच्या खोलीत थांबा. बाकी खाण्यापिण्याचं पुढच्या पानावर आहे, पण ते नंतर वाचा. आधी ही वही खाली ठेवा आणि तो कुठे आहे ते बघून या. हो, आत्ता.'